पाहुण्याचे आठ तास

बोईसरच्या बाजारात माझी आई सुके बोंबील विकत बसायची, आणि त्या बाजारापासून रिक्षाने वीस मिनिटांवरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात बसून मी पोरांना पोलंडला पाठवायचे. हे वाक्य मुद्दाम पहिलं लिहिलंय. आमच्या मुरबे गावातल्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी बी.कॉम. झाले, कारकून म्हणून लागले आणि या मे महिन्यात कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्याचा अभिमान आहे, तो लपवत नाही. पण आज लिहायचंय ते माझ्या हातून झालेल्या एका घोटाळ्याबद्दल.

शेवटची सात वर्षं माझ्याकडे अधीक्षकपदाशिवाय 'आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण कक्ष' होता. कक्ष म्हणजे माझंच टेबल, त्यावर एक जास्तीची फाईल आणि मागच्या भिंतीवर जगाचा नकाशा. हे काम माझ्याकडे आलं कसं, तर बाहेरच्या विद्यापीठाचं इंग्रजी पत्र आलं की बाकीचे ते वाचून कौतुकाने बाजूला ठेवत, मी उत्तर पाठवत असे. एवढाच माझा गुण. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, आता तुम्हीच बघा सगळं."

बाहेरच्यांना वाटतं, हे काम म्हणजे विमान आणि फोटो. खरं काम म्हणजे विषय जुळवणं. आपलं पोरगं एक सत्र तिकडे शिकणार, मग तिकडचा कोणता विषय आपल्या कोणत्या विषयाच्या जागी धरायचा, हे आधी दोन्हीकडच्या प्राध्यापकांकडून लिहून घ्यायचं. नाहीतर पोरगं परदेशातून परत येतं आणि इथे त्याला तोच पेपर पुन्हा द्यावा लागतो. शिवाय पासपोर्ट, व्हिसा, दाखले, आणि पालक. एक वडील माझ्यासमोर तासभर गप्प बसले, सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, "तिकडे बाई, ताजी मासली मिलते?" मी म्हटलं, "मिळते, पण गोड्या पाण्यातली." ते उठलेच. "मंग आमचा पोर काय टिकत नाय." टिकला. चांगला टिकला.

या कामाचा एक नियम मात्र नीट सांगायला हवा, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. देवाणघेवाण म्हणजे दोन्हीकडून माणसं जायला-यायला हवीत. आपला विद्यार्थी तिकडे गेला, तर तिकडचं कोणीतरी इकडे येऊन ठरलेलं काम पुरं करून जायला हवं. विद्यार्थी आला तर त्याने अभ्यास किंवा प्रकल्प पुरा करायचा, प्राध्यापक आला तर त्याने आठवड्यात किमान आठ तास शिकवायचं. नुसतं येऊन गेलेलं धरत नाहीत.

आमचे दोन विद्यार्थी पोलंडच्या त्या विद्यापीठात राहून आले होते. तिकडून आलं होतं फक्त एक माणूस. अन्ना नावाची मुलगी, दोन महिन्यांच्या प्रकल्पासाठी. ती तिसऱ्याच आठवड्यात परत गेली. आम्ही आपसात म्हणालो, "बिचारीला घरची आठवण आली असेल." आणि विसरलो.

तिकडचे विसरले नव्हते. त्यांचं पत्र आलं की तुमचे दोघे आले, आमचं एकही पूर्ण झालं नाही. जानेवारीत आमचे प्राध्यापक येत आहेत. त्यांचं शिकवण्याचं काम पुरं झाल्याचा दाखला मिळाला, की पुढच्या विद्यार्थ्याचं नाव आम्ही स्वीकारू.

तो पुढचा विद्यार्थी म्हणजे करिश्मा हाडळ. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. विक्रमगडकडच्या डोंगरातली, वारली घरातली. आई-वडील पावसाची शेती करतात आणि दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात. ही बोईसरजवळच्या सरावलीत चुलतभावाच्या कुटुंबाबरोबर एका खोलीत राहायची. भाऊ एमआयडीसीतल्या कंपनीत फिटर. तिच्या पासपोर्टच्या वेळी पोलीस चौकशीला गावी गेले, तर घराला कुलूप. दुसऱ्यांदा गेले, तरी कुलूप. 'दिलेल्या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा पडला. मी तिला घेऊन कोळगावला जिल्हा कार्यालयात तीन खेपा घातल्या आणि तिथल्या साहेबांना समजावलं, की साहेब, हे घर दिवाळीनंतर बंदच असतं, म्हणून ती माणसं बेपत्ता होत नाहीत. पासपोर्ट आला त्या दिवशी पोरीने तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, एकदा तुमीच उघडा. माजे हात घामेजलेत."

तिला जायचं तर चौथ्या वर्षाच्या पहिल्याच सत्रात. त्यानंतर शेवटचं सत्र इथेच करून ती पदवी घेऊन बाहेर पडणार, मग विद्यार्थी म्हणून नाव पाठवता येत नाही. म्हणजे संधी एकच, आणि ती त्या जानेवारीच्या पाहुण्यावर अवलंबून. गेल्या वर्षीचा जानेवारी.

पाहुणे आले. मारेक सर. पन्नाशीचे, उंच, हळू बोलणारे. यंत्रांच्या कंपनाचा त्यांचा अभ्यास. म्हणजे पंप, मोटर थरथरायला लागली की त्यावरून आत काय बिघडलंय ते ओळखायचं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत हजारो पंप फिरतात, म्हणजे आमच्या पोरांना यापेक्षा उपयोगाचा विषय नाही. आणि त्यांच्या आठवड्याचा कार्यक्रम मी आखला.

कसा आखला ते सांगते. सोमवारी स्वागत, दीपप्रज्वलन, सहा भाषणं, आणि मग सरांना चाळीस मिनिटं. मंगळवारी सकाळी विश्रांती, दुपारी केळव्याचा समुद्र. बुधवारी जव्हारचा राजवाडा. गुरुवारी शिरगावचा किल्ला आणि संस्थेच्या अध्यक्षांकडे जेवण. शुक्रवारी वर्ग रिकामे नव्हते, पहिल्या वर्षाची परीक्षा होती. शनिवारी निरोप समारंभ. रविवारी विमान.

शिकवणं? अहो, माणूस एवढ्या लांबून आलाय, त्याला काय कामाला लावायचं!

ते रोज विचारत होते. मंगळवारी माझ्या टेबलासमोर चहा घेत म्हणाले, "मी कधी शिकवायचं?" मी म्हटलं, "सर, आधी थोडं फिरा." बुधवारी गाडीत बसताना विचारलं. मी म्हटलं, "उद्या बघू, सर. दमला असाल." मला वाटलं, सभ्य माणूस आहे, म्हणून विचारतोय. आमच्याकडे पाहुणा पानावर हात आडवा धरतो आणि आम्ही त्या हाताच्या फटीतून भात वाढतो. तो 'नको' म्हणतो ते रीत म्हणून, आणि आम्ही वाढतो तेही रीत म्हणून. तसंच मला वाटलं, की पाहुण्याने 'काम द्या' म्हणायचं असतं आणि यजमानाने 'छे छे, बसा' म्हणायचं असतं.

गुरुवारी संध्याकाळी, अध्यक्षांकडून परतल्यावर, त्यांनी एक कागद माझ्यासमोर ठेवला. दाखल्याचा नमुना. त्यात एक चौकट: शिकवलेले तास. खाली माझी सही आणि कॉलेजचा शिक्का.

"चाळीस मिनिटं," ते म्हणाले. "एवढंच झालंय."

पत्र मी वाचलं होतं. आठ तास हा आकडाही वाचला होता. पण आपल्याकडे तासांचा तक्ता महिन्याच्या शेवटी अंदाजाने भरतात, तशातलाच हा एक आकडा, असं मी धरून चालले होते.

मी म्हटलं, "काळजी करू नका, सर. मी आठ लिहिते."

त्यांनी कागदावर हात आडवा धरला. मग म्हणाले, "मंगळवारी मी इथे बसलो होतो. मला दुसरं काही काम नव्हतं म्हणून मी तुमचं काम बघत होतो. एका मुलाच्या अर्जावर एक सही कमी होती. तो फार विनवत होता. तुम्ही त्याला परत पाठवलंत. मला ते आवडलं होतं."

एवढंच बोलून ते गेले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी कागद घेऊन प्राचार्यांकडे गेले. सज्जन गृहस्थ. चष्मा वर करून म्हणाले, "मॅडम, लिहून टाका आठ. पोलंडहून कोण मोजायला येणार आहे?"

"जो मोजणार आहे तो आलेलाच आहे, सर."

"मग काय करणार? शुक्रवारी परीक्षा, शनिवारी निरोप. बाकीच्या पोरांना अभ्यासाची सुट्टी. कुणाला बसवणार समोर? मला नि भोईरला?" भोईरमामा म्हणजे आमचे शिपाई.

बाहेर येऊन बसले तेव्हा मला अन्ना आठवली. ती रोज प्रयोगशाळेत यायची आणि पान्याला हात घातला की आम्ही म्हणायचो, अगं राहू दे, हात काळे होतील. भोईरमामा तिच्यासाठी पंख्याखाली खुर्ची ठेवायचे. कोणी ना कोणी तिला रोज जेवायला घरी न्यायचं. तिला घरची आठवण आली नव्हती. आम्ही तिला बसवून बसवून घालवली होती. आणि वर तिचीच कीव केली होती.

करिश्माला बोलावून घेतलं. तिच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता. सगळं सांगितलं, चूक माझी हेही सांगितलं. तिने ऐकलं, आणि विचारलं ते एवढंच, "किती तास कमी हायेत?"

"सात तास वीस मिनिटं."

"आणि पोरं कॉलेजचीच पायजेत?"

"कॉलेजचीच. हजेरीवर सही घेणार मी."

"सरावलीत खोल्या घेऊन रातात ती अठरा जणं हायेत आपली. बेटेगावला सहा. सुट्टी म्हणजे पडून मोबाईल बगतात. मी आणते." दारापर्यंत गेली आणि वळली. "मॅडम, पण वर्ग कुटं हाय?"

"वर्कशॉप आहे ना."

"तिथला पंप तर झाकून ठेवलाय!"

खरं होतं. तारापूरच्या एका कारखान्याने आम्हाला जुना पंप भेट दिला होता. खराब होऊ नये म्हणून आम्ही तो प्लास्टिकखाली ठेवला होता. पाहुण्यासारखाच.

शुक्रवारी दहाला वर्कशॉपमध्ये बावीस पोरं होती. करिश्माने त्यांना काय सांगून आणलं ते मी विचारलं नाही. एक जण मागून म्हणत होता, "अरे, करिश्मा ने बोला गोरा सर नाश्ता देगा, किधर है नाश्ता?" आणि करिश्मा न वळता म्हणाली, "पैले काम कर, मंग तुला वडापाव मी देते."

मारेक सरांनी कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि प्लास्टिक ओढून बाजूला टाकलं. चार दिवसांत मी त्यांचा तो चेहरा पाहिला नव्हता. मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला, पंप सुरू केला, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या कवचावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मग एकेकाला तसंच करायला लावलं. काय ऐकू येतं? एक म्हणाला, करकर. एक म्हणाला, सगळंच. हशा झाला. करिश्माने ऐकलं, मग स्क्रूड्रायव्हर खाली पंपाच्या पायाशी नेला, परत ऐकलं.

"सर, बेअरिंग नॉट फर्स्ट," ती म्हणाली. इंग्रजी अडलं की ती माझ्याकडे बघायची. "मॅडम, सांगा ना सरांना, पैला खालचा बोल्ट ढिला हाय. त्याच्यामुले बेअरिंग वरडतोय. आमच्या खोलीच्या मागे कंपनीचा पंप हाय. तीन वर्सं ऐकते. बोल्ट ढिला झाला का असाच बोलतो, मंग आठ दिवसांनी बेअरिंग बदलायला मानसं येतात."

मी सांगितलं. सर गुडघ्यावर बसले, पाना लावला. बोल्ट अर्धा फेरा फिरला. आवाज बदलला, मलाही कळलं. त्यांनी वर बघितलं आणि तिला शाबासकी दिली नाही. त्यांनी तिला दुसरा प्रश्न विचारला, अवघड. तो तिला आला नाही. मग ती दोघं त्यावर अर्धा तास फळ्यावर भांडत होती, आणि बावीसच्या बावीस पोरं नाश्ता विसरून बघत होती.

मी दाराशी खुर्ची टाकून वहीत वेळा मांडत होते. शुक्रवारी साडेचार तास झाले. आधीची चाळीस मिनिटं धरून पाच तास दहा मिनिटं. शनिवारी साडेनऊला सुरू केलं तर बारा वाजून वीस मिनिटांनी आठ पुरे होणार होते.

आणि शनिवारी साडेअकराला भोईरमामा धावत आले.

"मॅडम, अध्यक्षसाहेब आले. हॉलमध्ये बसलेत. शाल, नारळ, सगला तयार हाय. सरांना पाठवा."

"पन्नास मिनिटं आहेत अजून."

"अवो, साहेब बसलेत!"

"बसू दे, मामा. चहा द्या."

"चहा झाला त्यांचा."

"मग दुसरा द्या."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मला ताप भरलाय. ते गेले आणि प्राचार्य स्वतः आले. दाराबाहेर उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, पंधरा मिनिटांसाठी सोडा सरांना. फोटो काढू. नंतर येऊन शिकवू देत."

"सर, समारंभ पंधरा मिनिटांत झालेला तुम्ही कधी पाहिलाय? मग जेवण. मग पोरं पांगतील. मग मला खोटं लिहावं लागेल."

"अहो, पण साहेबांना काय सांगू?"

"पाहुणे काम करतायत म्हणून सांगा."

आयुष्यात पहिल्यांदाच मी वरिष्ठांच्या आणि दाराच्या मध्ये उभी होते. आतून पंपाचा आवाज येत होता, आणि करिश्माचा, "सर, वन मोर टाइम, प्लीज." तिने मागे वळून एकदाही बघितलं नाही. मामांचं बोलणं तिने ऐकलं होतं हे मला तिच्या ताठ मानेवरून कळत होतं.

बारा वाजता अध्यक्षांची गाडी निघाली. शाल प्राचार्यांच्या हातात देऊन गेले. बारा वीसला मी आत जाऊन हात वर केला. सर थांबले नाहीत, आणखी दहा मिनिटं घेतली. मग आम्ही तिथेच, पंपाच्या शेजारी, दाखला भरला. आठ तास दहा मिनिटं. मी सही केली, शिक्का मारला, आणि सरांनी कागद घडी न घालता फाईलमध्ये ठेवला. शाल त्यांना दिलीच. ते म्हणाले, "आता घेतो. आता मी दमलोय."

सोमवारी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. मी दिला, दोन ओळींचा. या वर्षी निवृत्तीच्या वेळी एक वर्ष मुदतवाढ मिळेल असं सगळे म्हणत होते. मिळाली नाही. कारण तेच होतं असं कोणी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. वाईट मात्र वाटलं. तेही लपवत नाही. पण त्याहून जास्त वाईट वाटतं ते अन्नाचं. तिला मी दोन पत्रं लिहायला घेतली. दोन्हींत माफी मागताना शेवटी 'पुन्हा या, आमच्या घरी राहा' असंच लिहून गेले, आणि दोन्ही पाठवली नाहीत. एक दिवस नीट लिहीन.

फेब्रुवारीत पोलंडहून करिश्माचं नाव स्वीकारल्याचं पत्र आलं. सप्टेंबरच्या शेवटी ती गेली. तिचे वडील तिला सोडायला आले होते. भातकापणी तोंडावर असताना दोन दिवस काढून आले, आणि पूर्ण वेळ तिच्या बॅगेचा पट्टा धरून उभे होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज रडवेला.

"मॅडम, इकडे मला कोनी विचारतच नाय."

"म्हणजे?"

"सकाली मारेक सरांकडे गेले. मला वाटला, ओलखतील, बसवतील, चहा देतील. ते उभ्याउभ्याच बोलले. लॅबची चावी दिली हातात, कपाट दाखवला, एक बिघडलेली मोटर दाखवली, आणि बोलले, सोमवारी आठला सांगायचं काय झालंय हिला. आणि गेले. मॅडम, माज्यावर रागावलेत का ते? माजा काय चुकला?"

सहज सांगता येण्यासारखं होतं, की तिकडची माणसं तशीच, तू वाईट वाटून घेऊ नकोस, नीट जेव. तेच ओठांवर आलं होतं.

"चावी तुझ्याकडेच आहे ना?" मी विचारलं.

"हाय ना. मुठीत धरलीय."

"मग अजून माझ्याशी काय बोलत बसलीस? जा, मोटर उघड."